जीपवाल्या भाऊंचा मोबाईल आणि आमचा डबा

सगळ्यात आधी जीपवाल्या भाऊंचं सांगते. आज मी पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर उभी असते, गळ्यात फोटोवालं कार्ड असतं, सुपरवायझर मला 'मॅडम' म्हणतो. ते सगळं त्यांच्यामुळे. नाहीतर नववीतून शाळा सुटलेली पोरगी डोंगरावरून खाली उतरून कुठवर जाणार होती? कुणी विचारलं की तुला इथवर कोणी आणलं, तर मी आईवडिलांच्याही आधी त्यांचं नाव घेते. इथे नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडायचं नाही. लाजतील.

भाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावरून खाली गडचांदूरपर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. पुढे ड्रायव्हर धरून चार, मधे पाच, मागे जितके मावतील तितके. अंग बारीक, आवाज मोठा, आणि गालात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. आमच्या डोंगरावर तेव्हा टॉवर नव्हता. खाली गडचांदूरला, सिमेंटच्या कारखान्यांपाशी होता. रस्ता जिथे घाट उतरायला लागतो तिथे एक मोहाचं झाड आहे. त्या झाडापाशी मोबाईलच्या पडद्यावर पहिल्यांदा काड्या उमटायच्या. त्याच्या वर काही नाही. आणि आमच्या तीन-चार गावांच्या मिळून मोबाईलवाले म्हणजे दुकानदार, एक मास्तर आणि भाऊ. दुकानदार आणि मास्तर काही रोज घाट उतरत नव्हते.

म्हणून सकाळी जीप गावात आली की बायाबाप्ये जीपभोवती जमत. सगळ्यांनाच जायचं नसे. "भाऊ, आमच्या पोराले सांगजा, बापाचा ताप उतरला म्हनाव." "भाऊ, जावयाले टाका, पोरगी नागपंचमीले पाठवा." भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकायचे, मान हलवायचे, नंबर तोंडपाठ असायचे. घाट लागला की मेसेज सुटायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी. त्यांच्या मोबाईलच्या बटणांवरचे आकडे घासून गेले होते, पण त्यांना पाहायची गरज नव्हती. एकच बटण किती वेळा दाबलं की कोणतं अक्षर येतं हे अंगठ्याला माहीत होतं.

एकदा पुढे बसलेला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "द्या भाऊ, मी टाइप करून देतो." तर भाऊ म्हणाले, "नाई बापा. लोकाच्या घरची गोष्ट आहे. तुया हातात देऊ आन तू चौकात सांगशीन?"

तर असे भाऊ.

मी नववीत असताना शाळा सोडली. हायस्कूल खाली होतं, वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यात आईला काविळीने धरलं. दोन वर्षं मी कापूस वेचला, बकऱ्या पाहिल्या. घरी एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर होता. तो मी उघडून बसायची आणि आत नुसती पाहायची, हात लावायची भीती वाटायची. हे भाऊंनी कधी पाहिलं कोणास ठाऊक. एक दिवस जीप दारापुढे थांबवून आईला म्हणाले, "बाई, चंद्रपूरले शाळा सुटलेल्या पोरींसाठी कोर्स आहे. रेडिओ, टीव्ही, असं दुरुस्तीचं. एक वर्ष. राहाले, जेवाले तिथंच. स्टँडवर कागद चिटकवला आहे."

आई म्हणाली, "पोरगी टीव्ही दुरुस्त करन?"

"नाई करन तर नाई करन. पण पाहू तर द्या."

त्यांनीच आम्हा दोघींना पुढच्या सीटवर बसवून खाली नेलं आणि एसटीत बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलं, "माया घरची आहे, बरोबर उतरवून देजो." मी त्यांच्या घरची नव्हते.

चंद्रपूरच्या त्या होस्टेलमध्ये मला पहिले महिने काही गोड लागलं नाही. मी मुळातच भित्री. सोल्डरिंगचं आयर्न बंद केलं की नाही हे पाहायला जिना उतरून परत जायची. रोज वाटायचं, आज घरी काहीतरी झालं असणार. आमच्या वॉर्डन बाईंकडे मोबाईल होता आणि त्यावर पोरींच्या घरचे मेसेज यायचे. जेवायच्या वेळी बाई ताटांच्या रांगेतून फिरत मोठ्याने वाचायच्या. माझा आला की, "हं, डोंगरवाली! आई बरी. तूर चांगली. बकरी व्याली, दोन पाठी." पोरी हसायच्या. मी खाली मान घालून भात कालवायची, पण घास उतरायचा तो त्या दिवशीच. मेसेज भाऊंच्या नंबरवरून येतो हे मला माहीत होतं. बाकीच्यांचे मेसेज घाटात सुटतात हे पाहिलं होतं, तरी माझ्यापुरतं मी मनात चित्र धरलं होतं की भाऊ गडचांदूरला पोचले, चहाच्या टपरीवर बसले, चहा निवेपर्यंत मेसेज टाकून मोकळे झाले.

दिवाळीला घरी गेले. परत येताना भाऊंनी मला पुढे, त्यांच्या अगदी शेजारी बसवलं. मोहाचं झाड आलं. भाऊंनी खिशातून मोबाईल काढला, डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने स्टिअरिंग. डोळे एकदा रस्त्यावर, एकदा पडद्यावर. घाट उतरत होता. एका बाजूला डोंगर कापलेला, दुसऱ्या बाजूला सागाची शेंडी गाडीच्या पातळीला. मागे बाया गप्पा मारत होत्या, कोणाच्या तरी मांडीवर कोंबडी होती. मला बोलायचं होतं, पण मोठ्या माणसाला काय बोलणार? मी त्यांच्या गाडीत फुकटची बसलेली. आणि वळणावर समोर बैलबंडी आली. कडब्याची भरलेली बंडी, रस्त्याच्या मधोमध.

"भाऊ!" मी ओरडले.

जीप गपकन डावीकडे गेली, चाक कच्च्यात उतरलं, कोंबडी ओरडली, आणि आम्ही बंडीला घासून पुढे निघालो. मागून एक म्हातारा म्हणाला, "बंडीवाले रस्ता आपल्या बापाचा समजते." सगळे बंडीवाल्याला शिव्या देऊ लागले. भाऊंनी थोड्या वेळाने मोबाईल खिशात टाकला. 

जानेवारीत आमच्या सरांनी प्रोजेक्ट सांगितला. दोघी-दोघींनी मिळून काहीतरी बनवायचं, वर्षाच्या शेवटी प्रदर्शन. बाकीच्यांनी टाकी भरली की वाजणारी घंटी, अंधार पडला की लागणारा दिवा असं निवडलं. मी सरांना म्हणाले, "गाडी चालवताना ड्रायव्हरला मेसेज टाकता येऊ नये, असं काही करता येईल का?"

सर म्हणाले, "कशाला? तुमच्या गावात गाड्या किती?"

"एक आहे सर. तीच पुरे आहे."

माझी जोडीदारीण मुलचेऱ्याकडच्या निर्वासित बंगाली वस्तीची होती. मोठी हसरी पोरगी, मला दीदी म्हणायची, मराठीत हिंदी मिसळून बोलायची. तिला प्रोजेक्ट कोणताही चालणार होता, फक्त तो वाजला पाहिजे, एवढीच तिची अट.

पहिली युक्ती आम्ही अशी काढली की मोबाईल ठेवायला गाडीत एक खाच करायची आणि खाचेच्या तळाला छोटा स्विच. मोबाईल उचलला की स्विच सुटणार, रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका पडणार, इंजिन बंद. सरांच्या स्कूटरवर लावून पाहिलं. मोबाईल उचलला, स्कूटर फुर्र करून बंद. जोडीदारीण नाचली. सरही खूश. मग सुटीच्या दिवशी आम्ही दोघी ते घेऊन गडचांदूरच्या जीप स्टँडवर गेलो. भाऊंना आधी कल्पना दिली होती, तर त्यांनी बॉनेट उघडूनच ठेवलं होतं, लग्नघरासारखं. वायरी जोडल्या. मी म्हटलं, "भाऊ, आता मोबाईल उचला."

भाऊंनी उचलला. जीप चालूच.

परत ठेवला, परत उचलला. जीप आपली धडधड करतेय. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. एक म्हणाला, "पोरीहो, चावी काढून नदीत फेकली तरी हे चालू राहाते. डिझेल आहे ते!" स्कूटरला ठिणगी लागते, ती तोडली की संपलं. डिझेलला ठिणगीच नसते. वर्गात हे शिकवलं होतं. पेपरात लिहिलंही होतं मी.

स्टँडवर हशा झाला त्याचं काही वाटलं नाही. परतीच्या एसटीत बसल्यावर मात्र माझ्या डोक्यात भलतंच आलं. बंद पडलं असतं तर? स्टँडवर नाही, घाटात. भाऊ उतारावर गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी धरून उतरतात, ब्रेक जपून मारतात. मागे दहा-बारा माणसं. आणि ऐन वळणावर माझ्या रिलेने इंजिन बंद केलं असतं तर? मी जोडीदारणीला हे सांगितलं. ती हसायची थांबली. मग म्हणाली, "दीदी, हम लोग तो भाऊ को मारने का मशीन बना रहे थे." त्या दिवसापासून मी हे काम हसून केलं नाही.

दुसरी युक्ती डब्याची. मोबाईल डब्यात ठेवायचा. जीपची चाकं फिरवणाऱ्या दांड्याला चुंबक बांधायचं, शेजारी चुंबकाने चिकटणारा काचेच्या नळीतला स्विच. दांडा फिरतोय तोवर स्विच टिकटिक करणार, ती टिकटिक टायमरला जाणार, आणि टायमर डब्याचं झाकण एका कॉइलच्या कुलपाने धरून ठेवणार. गाडी थांबली, टिकटिक थांबली की थोड्या वेळाने झाकण आपोआप उघडणार. इंजिनला हात लावायचा नाही. डबा म्हणून मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा दिला. सगळं सुरेख जमलं, आणि मग कळलं की स्टीलच्या डब्यात मोबाईलचं नेटवर्कच जातं. भाऊंना आलेला एकही मेसेज पोचला नसता. मग बाजारातून प्लॅस्टिकचा डबा आणला, निळा, झाकणावर बदकाचं चित्र. लहान मुलांचा. दुसरा मिळाला नाही.

तो डबा जीपला लावायला मी एकटीच डोंगरावर गेले. जोडीदारीण तापाने पडली होती. घरी एक रात्र राहिले, सकाळी भाऊंनी जीप आमच्या दारात आणली. मी जीपखाली घुसून वायरी जोडत होते, आणि गाव नेहमीसारखं जीपभोवती निरोप द्यायला आलं होतं. कोण काय सांगतंय इकडे माझं लक्ष नव्हतं. चुंबक सुटू नये म्हणून मी दोरी तीनदा बांधली.

निघालो. भाऊंनी मोबाईल डब्यात ठेवला, झाकण टक करून बसलं, लाल दिवा लागला. भाऊ सगळ्यांना दाखवत होते, "पाहा, गावच्या पोरीनं बनवलं."

मोहाचं झाड आलं आणि डबा आतून वाजायला लागला. एक, दोन, मग नुसतं टूं टूं टूं. रात्रभराचे अडकलेले मेसेज एकदम आले होते.

मागून एक जण म्हणाला, "भाऊ, तुमचा डबा बोंबलून राह्यला ना."

"बोंबलू दे. पोरीनं कोंडला त्याले."

"मंग काढा ना बाहीर."

"निघत नाई. गाडी थांबल्याबिगर झाकण उघडतच नाई. तेच तर मशीन आहे."

"अरे वा! मोबाईल घ्यायचा आन कोंडून ठेवायचा? मंग बकरी काऊन नाई घेतली?"

सगळे हसले. पण मधल्या सीटवरची एक म्हातारी रडवेली झाली. "माया लेकाचा असन गा तो. पोचला म्हनून टाकतो म्हने. पाहा ना भाऊ."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडी बाजूला घेऊन मोहाखाली थांबवली. थोडा वेळ काहीच झालं नाही.  मग टक, आणि बदकाचं झाकण उघडलं. जीपमध्ये कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी म्हातारीला वाचून दाखवलं, "पोचलो, जेवलो." म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

मग भाऊ मेसेज टाकायला लागले. ते ओठ हलवत टाइप करायचे. सकाळचे निरोप एकामागून एक. हरभरा निघाला. डॉक्टरले दाखवलं, बरं आहे. आणि मग, "बाई नमस्कार. पोरगी निघाली. उशीर होईल. रागवू नका. भाकर दिली सोबत."

मी म्हटलं, "हे कोणासाठी, भाऊ?"

"तुयासाठी. तुयी माय सांगून गेली ना. तू खाली घुसून वायरी जोडत होती तेव्हा."

"पण मी तर इथंच बसली आहे!"

"तर काय झालं? निरोप वार्डन बाईले आहे, तुले थोडीच आहे."

मागचे परत हसले. मला हसू आलं नाही. मी हळूच विचारलं, "माझे सगळे मेसेज इथूनच टाकता?"

"मंग कुठून? खाली उतरता उतरता डोक्यातून उतरून जाते सारं. आन स्टँडवर पोचलो की नंबर. मानसं भरू की मेसेज टाकू?"

"थांबून टाकता?"

भाऊ माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं. "थांबलो तर मागचा पुढं जाते ना वं. नंबर जाते."

नंबराचं सांगायला पाहिजे. स्टँडवर जो जीपवाला आधी पोचला तो आधी भरायचा. मागाहून आलेल्याने त्याच्या मागे थांबायचं. घाटात थोडा वेळ थांबलात की मागची जीप पुढे जाते, तुम्ही मागे पडता, आणि संध्याकाळी शेवटचा फेरा तुमच्या वाट्याला येतच नाही.

 वॉर्डन बाई जेवताना वाचून दाखवायच्या ते सगळे मेसेज माझ्या डोळ्यांपुढे आले. बकरी व्याली, दोन पाठी. तूर चांगली. ते सगळे एका हाताने, उतारावर, दहा-बारा माणसं मागे घेऊन टाकलेले होते. मी निवांत भात कालवत होते त्यासाठी. दिवाळीला बंडी समोर आली तेव्हा भाऊ कोणाचा मेसेज टाकत होते? मी विचारलंही. ते म्हणाले, "कोनाचा होता काय माहीत. तुयाही असन." किती सहज म्हणाले.

प्रदर्शनासाठी सरांनी मला भाषण लिहून दिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'काही बेजबाबदार वाहनचालक करमणुकीपायी प्रवाशांचा जीव धोक्यात घालतात.' मी ते पाठ केलं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी भाऊ स्वतः जीप घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खर्रा थुंकून. पाहुणे टेबलापाशी आले. मी "काही" म्हटलं आणि अडकले. भाऊ शेजारीच उभे होते, माझं भाषण ऐकायला मान तिरकी करून. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. मी म्हटलं, "साहेब, हे आमचे भाऊ. आमच्या गावात नेटवर्क नाही, म्हणून लोकांचे निरोप हे घाटातून पाठवतात. माझे पण पाठवतात. ते करमणुकीसाठी नाही. आमच्यासाठी आहे. म्हणून आम्ही हा डबा केला."

पाहुणे भाऊंना म्हणाले, "म्हणजे तुम्ही गाडी चालवताना मेसेज करता?"

भाऊ म्हणाले, "करत होतो साहेब. आता बदक करू देत नाई."

पाहुणे हसले आणि पुढच्या टेबलाकडे, टाकीच्या घंटीकडे गेले.  आम्हाला बक्षीस नाही मिळालं, पण पाहुण्यांबरोबर आलेल्या एका माणसाने माझं नाव लिहून घेतलं. वायरिंगच्या कारखान्यात पोरी पाहिजे होत्या.

मला वाटलं प्रदर्शन झालं, डब्याचं काम संपलं. भाऊ म्हणाले, "नाई, जीपमध्ये परत बसवून देजो." मी बसवून दिला. आणि त्यानंतर होस्टेलवर माझे मेसेज यायचे बंद झाले.

पहिल्यांदा वाटलं आई आजारी आहे. मग वाटलं, भाऊंना काही झालं. ताटांच्या रांगेतून बाई जायच्या आणि माझ्यापाशी थांबायच्याच नाहीत. मी बाईंच्या मोबाईलवरून भाऊंना लावला, लागला नाही. शेवटी रजा काढून घरी गेले. आई अंगणात लसूण सोलत बसली होती, ठणठणीत.

"मेसेज का नाही पाठवले?"

आई म्हणाली, "भाऊले थांबा लागते ना मोहाखाली. मागचा जीपवाला पुढं निघून जाते. मी पाह्यलं वरून, किती खेप. बाकीचे त्याले 'डाकबाबू, डाकबाबू' म्हनून चिडवते. मंग मी नाई सांगत. तू बरी आहेस ते मले माहीत आहे." मग लसणाकडे पाहत म्हणाली, "आता कोनीच सांगत नाई. आलेले वाचाले मात्र भाऊ थांबतेच."

संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्याला भाऊ दिसायचे ते आता त्यांच्या दारात दिसले, ऊन उतरायच्या आधीच. जीप सावलीत उभी. मी गेले आणि म्हटलं, "भाऊ, मी डबा काढायला आले."

"काऊन?"

"तुमचा फेरा जातोय."

"जाऊ दे."

"माझ्यामुळे जातोय, भाऊ. मी तुम्हाला विचारलंच नाही थांबायला किती वेळ लागेल ते. मला वाटलं झाकण धरलं की झालं."

भाऊंनी बसायला खाट पुढे केली. काही वेळ खर्रा घोटत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीले ती बंडी आली होती ना, ध्यानात आहे? तुले दिसली. मले नाई दिसली. तू वरडली म्हनून हात फिरला. म्या कोनाले सांगतलं नाई. घरीबी नाई. त्यानंतर मोहाचं झाड आलं की हात खिशात जाये आन मी त्याले मागं घेऊ. पन लोकं तोंडाकडं पाहे. मंग टाकूच. आता बदकानं कोंडलं आहे, तर थांबाच लागते. माया हातून नसतं झालं ते."

"पण फेरा?"

"फेऱ्याचं मी पाहीन. तू डब्याले हात नको लावू. आन तुया मायले सांग, निरोप देत जा म्हनाव. कोनीच निरोप देत नाई, तर मी मोहाखाली थांबून काय पाखरं मोजू?"

दुसऱ्या सकाळी ते स्वतःच आईला रागावले. आईने निरोप दिला. मग म्हातारीने दिला. मग बाकीचे. होस्टेलवर बाई परत माझ्या ताटापाशी थांबायला लागल्या. पण संध्याकाळचा फेरा भाऊंना परत मिळाला नाही. कोर्स संपला, पाहुण्यांबरोबरच्या त्या माणसाने बोलावलं, मी पुण्याच्या बाजूला आले. मुलाखतीत विचारलं, तुम्ही काय बनवलं आहे? मी डब्याचं सांगितलं आणि मला घेतलं. मी लाइनवर उभी राहते तेव्हा कधीकधी हातातली वायर तशीच राहते आणि वाटतं, माझं काम सुरू झालं आणि त्यांचा एक फेरा कमी झाला, आणि तोही रोज. ते स्वतः खूश आहेत हे मला कळतं. त्याने मला बरं वाटत नाही. चूक केली असती तर माफी तरी मागता आली असती.

मागच्या दिवाळीला गेले होते. आता डोंगरावर टॉवर झाला आहे. प्रत्येक घरात मोबाईल आहे, आई स्वतः लावते आणि "हालो" इतक्या मोठ्याने म्हणते की शेजारी ओ देतात. भाऊंना कोणी निरोप देत नाही. डबा मात्र जीपमध्ये तसाच आहे. बदकाचं डोकं घासून गेलंय. मी झाकण उघडून पाहिलं तर आत खर्ऱ्याच्या पुड्या.

"गाडी चालू असली की निघत नाई," भाऊ म्हणाले. "घरची म्हनते, पोरीनं लय चांगलं मशीन बनवलं."

घाट उतरताना मोहाखाली ते थांबले. सवयीने असेल, खर्ऱ्यासाठी असेल. मागची जीप हॉर्न देत पुढे गेली. भाऊंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, पुढच्या वर्षी जीप पोराच्या हाती देणार म्हणाले. मग मला विचारलं, "तू ज्या वायरी जोडते, त्या गाडीत कुठी जाते वं? दिसत तर नाई." मी सांगितलं, पत्र्याच्या आतून जातात, बाहेरून दिसत नाहीत. ते म्हणाले, "जिंदगी गाडीत गेली, पन आतून बनताना नाई पाह्यली."

म्हणून मी ठरवलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालं की भाऊंना मी इकडे आणणार आहे. खिडकीजवळ बसवून, चालवायला दुसरा माणूस असेल अशा गाडीतून. सुपरवायझरच्या हातापाया पडून का होईना, लाइन आतून दाखवणार, माझी जागा दाखवणार, आणि ती वायर पत्र्यात जाते कुठून ते त्यांच्या हाताने चाचपायला लावणार. आणि ते पोचले की कारखान्याच्या फाटकाशी एका जागी नीट उभी राहून, दोन्ही हातांनी मोबाईल धरून, मी त्यांच्या घरी मेसेज टाकणार आहे, की भाऊ पोचले, जेवले, बरे आहेत, काळजी करू नका.